‘जुना माल आहे ताई, परत होत नाही’ हे खोटं आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कराडला राहते, घरीच शिलाईचं काम करते. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितेय त्यामुळे लांबलं तर कापा, पण यातला कायद्याचा भाग तेवढा ठेवा ही विनंती, कारण तो भाग मला कळेपर्यंत माझे दोन महिने दुकानाच्या पायऱ्या झिजवण्यात गेलेत आणि मुलीचं पहिलं सेमिस्टर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर गेलंय.

गेल्या वर्षी मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला ऍडमिशन मिळाली. लॅपटॉप तर लागणारच होता. नवा चांगला घ्यायचा तर पन्नास हजाराच्या पुढे, तेवढे नव्हते, मग तिच्या हॉस्टेलमधल्या सिनियर मुली म्हणाल्या रिफर्बिश्ड घे, आम्ही सगळ्यांनी तोच घेतलाय. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून झाले की लॅपटॉप लॉटने काढतात, व्यापारी ते उचलतात, साफसूफ करतात, एसएसडी बदलतात, रॅम वाढवतात, कीबोर्ड नवा बसवतात आणि विकतात. यात वाईट काहीच नाही, उलट चांगलंच आहे, पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन बघा किती गरीब घरातली पोरं असला लॅपटॉप घेऊन शिकतायत, आणि तेवढाच कचराही कमी होतो. माझा राग या धंद्यावर नाही. वस्तू बिघडलेली निघाल्यावर जे सुरू होतं त्यावर आहे.

दुकानदाराने व्हॉट्सऍपवर फोटो पाठवले, खाली लिहिलं होतं ‘ग्रेड ए, बॅटरी बॅकअप ४ तास, ६ महिने वॉरंटी’. किंमत २२,०००. मुलगी घ्यायला गेली तेव्हा म्हणाला, पक्कं बिल पाहिजे असेल तर १८ टक्के वर लागतील, नाहीतर कच्च्या चिठ्ठीवर घेऊन जा. तिने मला फोन केला. लग्नसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ब्लाउज शिवून जमवलेले पैसे, त्यात आणखी ३,९६० घालायचे म्हणजे जिवावर आलं, पण काय वाटलं कुणास ठाऊक, म्हटलं घे बिल आणि माझ्या नावावर घे. नंतर सगळं त्या बिलावरच तरलं.

एकोणिसाव्या दिवशी लॅपटॉप प्रॅक्टिकल चालू असताना बंद पडला तो चालूच होईना. बॅटरी तर आधीपासूनच चाळीस मिनिटांच्या वर टिकत नव्हती. दुकानात नेला तर ‘ठेवून जा, बघतो’, अकरा दिवसांनी परत दिला, दोन दिवसांनी पुन्हा तेच. ओळखीच्या रिपेअरवाल्याने उघडून बघितला, म्हणाला मदरबोर्डला आधीच एकदा हात लागलाय. मी स्वतः एसटीने पुण्याला गेले. तेव्हा दुकानदाराने बिलाच्या तळाला बोट लावलं, तिथे बारीक अक्षरात छापलेलं, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. मी मोबाइलवरचा त्याचाच मेसेज दाखवला तर म्हणाला, ते सहा महिने सर्व्हिसचे, पार्टचे नाही, चेकिंग वॉरंटी सातच दिवस असते. सात दिवसांची गोष्ट बिलावर कुठेही नव्हती, मेसेजमध्येही नव्हती. शेवटी म्हणाला, ‘जुना माल आहे ताई, जुन्यात हे चालायचंच. दुसरा घेऊन जा, वर आठ हजार भरा.’

मी गप्प बसून परत आले. मला खरंच वाटलं की जुनी वस्तू घेतली म्हणजे आपल्याला बोलायला तोंड नाही.

ते तसं नाही, हे मला आमच्या भागातल्या, ग्राहक चळवळीत अनेक वर्षं काम केलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी सांगितलं. त्यांनी समोर बसवून समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्यात नवी वस्तू घेणारा ग्राहक आणि जुनी घेणारा ग्राहक असा भेद कुठेही केलेला नाही. पैसे देऊन स्वतःसाठी वस्तू घेतली की तुम्ही ग्राहक. धंद्यासाठी, पुन्हा विकायला घेतली तर नाही, पण माझ्यासारखी बाई पोट भरायला म्हणून स्वतः वापरायला मशीन घेत असेल तर तीसुद्धा ग्राहकच. आणि ‘दोष’ कशाला म्हणायचं तर वस्तूचा जो दर्जा कायद्याने, कराराने किंवा विकणाऱ्याने स्वतः सांगितलेला आहे त्यात काहीही उणीव असली तर तो दोष. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. म्हणजे रिफर्बिश्ड लॅपटॉपला झाकणावर चरे आहेत, चार वर्षांपूर्वीचा प्रोसेसर आहे, ही तक्रार होत नाही, ते माहीत असूनच आपण कमी पैशात घेतलं. पण त्याने चार तास बॅकअप म्हटलंय आणि चाळीस मिनिटं मिळतात, त्याने ग्रेड ए म्हटलंय आणि बोर्ड आधीच दुरुस्त केलेला निघतो, तर तो त्याच्याच शब्दाने बांधला गेलाय.

पुढचं ऐकून तर मी थक्क झाले. दोष असलेली वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीच कायद्याने ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. बिलावर परत घेण्याची मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिली नसेल तर ३० दिवसांत. माझ्या बिलावर मुदत नव्हती, नुसतं ‘परत घेणार नाही’ होतं, आणि लॅपटॉप पहिल्यांदा दुकानात नेला होता एकोणिसाव्या दिवशी. म्हणजे ज्या ओळीवर तो बोट ठेवून मला गप्प करत होता तीच ओळ त्याच्या विरोधातला पुरावा होती. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच, त्याच कलमात, २(४७). ३० दिवस उलटले म्हणून सगळं संपलं असंही नाही, वस्तूत दोष आहे ही तक्रार दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे करता येते.

आधी आम्ही १९१५ ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पण वाचकांना खरं ते सांगते, हेल्पलाइन तुमची तक्रार समोरच्याकडे पाठवते, हुकूम देऊ शकत नाही. मोठी कंपनी असेल तर पुष्कळदा तिथेच काम होतं, गल्लीतल्या दुकानदाराने उत्तरच दिलं नाही. मग साध्या कागदावर नोटीस लिहिली, काय घेतलं, कधी, काय सांगितलं होतं, काय निघालं, १५ दिवसांत पैसे द्या, आणि स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवली. त्यालाही उत्तर नाही.

मग नोव्हेंबरमध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. मला वाटलं होतं पुण्याचं दुकान म्हणजे पुण्याला हेलपाटे. तर नाही, नव्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आम्ही साताऱ्याला केली. ऑनलाइन तक्रारीचं सरकारी ई-जागृती पोर्टल आहे, त्यावर मुलीनेच भरली, मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील करायलाच पाहिजे असंही नाही. बिल, व्हॉट्सऍपचे स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार, नोटिशीची पावती आणि बॅटरी रिपोर्ट जोडला. हा बॅटरी रिपोर्ट विंडोजमध्येच निघतो, बॅटरीची मूळ क्षमता किती होती आणि आता फुल चार्ज झाल्यावर किती भरते ते दोन्ही आकडे त्यात शेजारी शेजारी येतात, मुलीच्या लॅबमधल्या सरांनी काढून दिला. हाच रिपोर्ट दुकानात उभं राहून काढायला सांगितला असता तर मी तो लॅपटॉप उचललाच नसता, आणि ज्यांना यंदा घ्यायचाय त्यांनी हे जरूर करा, विकणारा काढू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

आयोगाची नोटीस हातात पडल्यावर समोरच्याला ३० दिवसांत म्हणणं मांडावं लागतं, वर फार तर १५ दिवस मिळतात. नोटीस पोचली आणि ज्या माणसाने दोन महिने माझा फोन उचलला नव्हता त्याचा स्वतःहून फोन आला. फेब्रुवारीत त्याने पूर्ण २५,९६० रुपये परत दिले, आयोगासमोर तडजोड लिहून घेतली. नुकसानभरपाई आणि व्याज मी सोडलं. सोडायला नको होतं असं आता वाटतं, कारण आयोगाला किंमत परत देण्याबरोबर भरपाईही देववता येते, आणि आयोगाचा आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही, एवढी ताकद कायद्यात आहे. पण मुलीच्या परीक्षा तोंडावर होत्या आणि मला दुसरा लॅपटॉप घ्यायचा होता.

ऑनलाइन घेणाऱ्यांसाठीही एक लिहायचंय. ई-कॉमर्सचे नियम २०२० पासून आहेत. वेबसाइटवर सांगितलं तसं नसेल, बिघडलेलं असेल तर विकणाऱ्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यावं लागतं, ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण करावं लागतं. ‘रिफर्बिश्ड आहे म्हणून नो रिटर्न’ असं लिहिलं तरी बिघडलेल्या मालाला ते लागू होत नाही.

आता हे पत्र ज्याच्यामुळे लिहितेय ते. आमच्या शेजारच्या मावशींच्या मुलाने असाच एक जुना मोबाइल घेतला १४ हजारांना. १८ टक्के वाचवायला बिल घेतलं नाही. बाराव्या दिवशी डिस्प्लेवर हिरव्या रेघा आल्या. दुकानदार म्हणाला हा फोन आमचा नाहीच, तुम्ही कुठून घेतला तुम्हाला माहीत. पोरगं रडकुंडीला आलं, मग हप्त्याने दुसरा फोन घेतला आणि विषय सोडून दिला. माझं प्रकरण मिटल्यावर मावशी पेढे न्यायला आल्या तेव्हा हे सगळं बोलल्या. म्हणजे लॅपटॉपवाल्याने आणि मोबाइलवाल्याने दोघांनीही एकच हिशोब केलेला, की हे लोक दोन चकरा मारतील आणि थकतील. बिल नाही म्हणजे ग्राहक आणखी लवकर थकतो, म्हणूनच १८ टक्क्यांची भीती घालतात असं माझं स्पष्ट मत आहे. भावात कर धरूनच किंमत सांगायची सक्ती का होत नाही?

आपल्या महाराष्ट्राला ही लढाई नवी नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ ला पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, पाठोपाठ १९७५ ला मुंबई ग्राहक पंचायत झाली, देशाचा पहिला ग्राहक कायदा पुण्याच्या पंचायतीनंतर बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ ला आला. त्याच राज्यात बाजारपेठांमध्ये ‘विकलेला माल परत नाही’ ची बिलं उघड छापली जातात आणि कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ग्राहक दिनाला कलेक्टर ऑफिसात भाषणं होतात त्यापेक्षा पुरवठा खात्याच्या माणसांनी ऍडमिशनच्या दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये, या बाजारांत फिरून बिलबुकं तपासावीत. कॉलेजांनी ऍडमिशनच्या कागदांबरोबर एक पान द्यावं, त्यात १९१५ आणि ‘बिल घ्या’ एवढं असलं तरी पुरे. आयोगांमधल्या रिकाम्या जागा वेळेवर भराव्यात, कायद्यात तीन महिन्यांत आणि वस्तू लॅबमध्ये तपासावी लागली तर पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा लिहिलीय, पण निकाल द्यायला माणूस तर पाहिजे. आणि तुम्ही पेपरवाल्यांनी आठवड्यातून एकदा छोटी का होईना चौकट द्यावी, साध्या भाषेत, कारण कायदा मराठीत समजावून सांगणारं माणूस प्रत्येकाच्या गल्लीत नसतं.

मावशींचा मुलगा परवा सगळं शोधून घेऊन आला. दुकानाच्या खात्यावर यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद, किंमत ठरवलेले व्हॉट्सऍप मेसेज, फोनचा बॉक्स. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख-नंबर, बॉक्सवरच्या नंबरशी जुळला, तोच नंबर १४४२२ वर केवायएम लिहून एसएमएस केला, फोन चोरीचा नाही हेही कळलं. बिल नसलं तरी एवढ्यावर तक्रार उभी राहते असं त्या गृहस्थांनी सांगितलंय. येत्या दिवाळीत त्याच्या खरेदीला दोन वर्षं पूर्ण होतात. नोटीस काल पोस्टात टाकली, पंधरा दिवस संपले की सोळाव्या दिवशी आम्ही सगळे माझ्या शिलाईच्या टेबलावर बसून त्याची तक्रार भरणार आहोत.

आपली,
एक वाचक, कराड