वार्षिक सभेत विचारा : शेवटचा रिस्टोअर कधी केला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत उरकाव्या लागतात. लाभांश किती, भेटवस्तू काय, मोठे थकबाकीदार कोण यावर सभागृह तापते. ज्या डेटाबेसमध्ये सगळ्या ठेवी आणि कर्जखाती आहेत त्याबद्दल अहवालात फार तर एक ओळ असते : ‘संपूर्ण संगणकीकरण झाले असून दररोज बॅकअप घेतला जातो.’ या ओळीवर एखाद्या सभासदाने उभे राहून प्रश्न विचारावा, म्हणून हे पत्र.

बॅकअपची, म्हणजे डेटाच्या राखीव प्रतीची, फाइल तयार होणे वेगळे आणि तिच्यातून डेटा परत उभा करून (यालाच रिस्टोअर म्हणतात) संस्थेचे कामकाज पुन्हा सुरू होणे वेगळे. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर कमांड दिली आणि सुमारे 300 जीबीचा चालू डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधू लागले, तर तो होतच नव्हता. बॅकअपचे साधन पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या 9.2 आवृत्तीचे, डेटाबेस 9.6 चा; दोन्ही जुळत नसल्याने बॅकअप फसत होता. बिघाडाचे ईमेल निघत होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत सापडली म्हणून निभावले. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

आपल्याकडच्या छोट्या पतसंस्थांतले बिघाड याहून साधे असतात. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या मोफत एक्स्प्रेस आवृत्तीत ठरल्या वेळी कामे चालवणारा ‘एजंट’ नसतो, त्यामुळे बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर लावतात. ज्या खात्याने ते काम चालते त्याचा पासवर्ड कुणी बदलला की बॅकअप बंद पडतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून बॅकअप झाल्याचा निरोप रोज आला पाहिजे, आणि ज्या दिवशी तो येणार नाही त्या दिवशी फोन फिरले पाहिजेत.

मोठ्या संस्थांत गोंधळ होतो तो लॉगचा, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची क्रमाने नोंद ठेवणाऱ्या फाइलचा. डेटाबेस ‘फुल’ रिकव्हरीवर आहे, म्हणजे लॉगचा बॅकअप होईपर्यंत नोंदी जपून ठेवल्या जातात, पण लॉगचा बॅकअप कुणी लावलेलाच नाही. लॉगची फाइल फुगत जाते, नेमकी मार्चअखेरीस व्याज आकारणीच्या वेळी डिस्क भरते, लॉग भरल्याची 9002 क्रमांकाची एरर येते आणि व्यवहार ठप्प. काउंटरवर रांग, व्यवस्थापकाचे फोनवर फोन. अशा घाईत ‘सिंपल’वर, म्हणजे जुन्या नोंदी आपोआप टाकून देणाऱ्या पद्धतीवर, जाऊन लॉग छोटा केला जातो. काम सुरू होते आणि सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. पण लॉगची साखळी तुटलेली असते. पुन्हा ‘फुल’वर येऊन नवा फुल (संपूर्ण) किंवा डिफरन्शियल (शेवटच्या फुलनंतर बदललेल्या भागाचा) बॅकअप घेईपर्यंतच्या काळातल्या हव्या त्या क्षणाला परत जाता येत नाही. याची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये सापडणार नाही.

‘आमची डीआर साइट आहे’, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी चालू डेटाची जुळी प्रत आहे, हे उत्तर संचालक हमखास देतात. आग किंवा पूर असेल तर ती उपयोगी पडते. चुकून दिलेला डिलीट मात्र काही सेकंदांत तिकडेही पोचतो. बॅकअपची डिस्क त्याच नेटवर्कवर, त्याच ॲडमिन पासवर्डने उघडत असेल तर खंडणीसाठी डेटा अडकवणारे रॅन्समवेअर तीही लॉक करते. एक प्रत नेटवर्कपासून सुटी हवीच. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2018 मध्ये नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची जी चौकट घालून दिली, तिच्यात हे आहे. पतसंस्था त्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे तिथे सभासदांनीच विचारायचे.

विचारायचे ते एवढेच : शेवटचा रिस्टोअर कोणत्या तारखेला केला, किती तास लागले आणि आकडे जुळले का? तिमाहीतून एकदा वेगळ्या मशीनवर रविवारचा फुल, बुधवारचा डिफरन्शियल आणि त्यानंतरचे लॉग चढवून गुरुवार सकाळी 11.40 ची स्थिती उभी करावी. हे काम नेहमीच्या डीबीएने (डेटाबेस प्रशासकाने) न करता, लिहून ठेवलेल्या पायऱ्या वाचून दुसऱ्या कुणीतरी करावे. पायऱ्या अपुऱ्या असतील तर तिथेच उघड्या पडतात. लॉगिन ‘मास्टर’ आणि ठरलेली कामे ‘एमएसडीबी’ या सर्व्हरच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात. ती आणली नाहीत तर डेटा असूनही सॉफ्टवेअर उघडत नाही. डेटाबेस एन्क्रिप्ट केलेला असेल आणि त्याचे सर्टिफिकेट (म्हणजे उघडायची किल्ली) फक्त बंद पडलेल्या सर्व्हरवर असेल तर बॅकअप निरुपयोगी. ‘व्हेरिफाय ओन्ली’ने, म्हणजे फाइल नुसती वाचता येते का हे पाहून, भागत नाही; रिस्टोअर झालेल्या प्रतीवर डेटाबेसची आतली मांडणी तपासणारे ‘चेकडीबी’ चालवावे आणि आदल्या दिवशीची तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा ताळा) छापील कागदाशी ताडून पाहावी. नंतर ती प्रत पुसून टाकावी, कारण तिच्यात खऱ्या खातेदारांची माहिती असते.

वेळेचा हिशेबही संचालकांना ठाऊक असावा. 400 जीबीची फाइल एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून नुसती आणायलाच तासाहून जास्त वेळ जातो. रिस्टोअर आणि तपासणी त्यानंतर. ‘अर्ध्या तासात चालू करतो’ असे व्हेंडर म्हणाला, तर ते त्याच्याकडून लेखी घ्यावे.

या सगळ्याला लागते काय? एक जास्तीचे मशीन, दोन-तीन डिस्क, आणि तिमाहीतला एक दिवस, जो डीबीएच्या सुट्टीतून कापायचा नसतो. अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी तरतूद दिसत नसेल, तर ती सुचवण्याचा अधिकार सभासदाला आहे.

आपला,
एक डेटाबेस प्रशासक, सांगली