बसस्टॉपवरच्या यादीत आपली नावं कमी का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत भारतीयावर हल्ला झाला की आपल्याकडे ती बातमी ठळक छापली जाते, आणि ते योग्यच आहे. पण अमेरिकेतल्या चिनी, कोरियन, व्हिएतनामी कुटुंबांवर तीच वेळ येते तेव्हा ती आतल्या पानावर जाते. इथले आपले लोकही 'तो त्यांचा प्रश्न' म्हणून मोकळे होतात. न्यू जर्सीत मुलं वाढवणारी एक आई म्हणून याबद्दल लिहावंसं वाटलं.

कोविडच्या काळात 'चायना व्हायरस' हे शब्द थेट अध्यक्षांच्या तोंडून ऐकू येऊ लागले आणि शाळकरी पोरांनी ते लगेच उचलले. १६ मार्च २०२१ रोजी अटलांटा परिसरातल्या तीन स्पांमध्ये गोळीबार होऊन आठ माणसं मारली गेली. त्यांतल्या सहा आशियाई वंशाच्या महिला होत्या. त्यानंतर आमच्या मुलांच्या शाळेचं पालकांना पत्र आलं. अशा पत्रांचा मला एरवी कंटाळा आहे. 'आम्ही तुमच्या पाठीशी आहोत' यापलीकडे त्यांत सहसा काही नसतं. या पत्रात मात्र समुपदेशकांची नावं आणि भेटीच्या वेळा होत्या, तक्रार कोणाकडे करायची आणि केल्यावर किती दिवसांत काय होईल हे होतं. सोबत त्याच पत्राच्या चिनी आणि कोरियन प्रती होत्या. आजी-आजोबांनाही ते वाचता आलं.

आजी-आजोबांचं वेगळं सांगायचं कारण, आमच्या बसस्टॉपवर नातवंडांना घ्यायला येणारे दोन-तीन चिनी आजोबा यायचेच बंद झाले होते. घरातून बाहेर पडायची त्यांना भीती वाटत होती. मग पालकांनी आळीपाळीनं स्टॉपवर थांबायचं आणि ज्यांना हवं त्यांना घरापर्यंत सोबत करायची असं ठरलं. यादी फिरली. आमच्या वस्तीत मराठी घरं भरपूर, पण यादीत मराठी नावं अगदी मोजकी. व्हॉट्सअॅपवर एका ताईंनी तर विचारलंच, "यात आपण कशाला पडायचं? आपल्याला कोण काय म्हणतंय?"

त्यांना बहुधा ठाऊक नसावं. आमच्यापासून तासाभराच्या आत जर्सी सिटी आहे. १९८७ साली तिथे 'डॉटबस्टर्स' म्हणवणारी टोळी होती. हे नाव आपल्या बायकांच्या कुंकवावरून घेतलेलं. भारतीयांना शहरातून हाकलण्यासाठी वाटेल त्या थराला जाऊ, असं या टोळीचं पत्र तिथल्या वृत्तपत्रात छापून आलं होतं. होय, असंच संपादकांना लिहिलेलं पत्र! त्याच वर्षी सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या बँकेत काम करणाऱ्या तरुणाला एका टोळक्यानं बेदम मारलं आणि काही दिवसांत तो गेला. सोबतच्या गोऱ्या मित्राला कोणी हात लावला नव्हता. त्याच्या पाच वर्षं आधी मोटार कारखान्यांच्या डेट्रॉइट शहरात व्हिन्सेंट चिनचा खून झाला होता. तिथे राग होता जपानी मोटारींवर, आणि मारला गेलेला चिन मूळचा चिनी. मारणाऱ्या दोघांना कोर्टानं तीन हजार डॉलर दंड करून प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, सोडलं.

हे मुलांना शाळेतच कळावं म्हणून न्यू जर्सीत विद्यार्थी आणि पालकांनी पाठपुरावा केला आणि १८ जानेवारी २०२२ रोजी गव्हर्नर फिल मर्फी यांनी आशियाई अमेरिकन इतिहास शिकवणं बंधनकारक करणाऱ्या कायद्यावर सही केली. इलिनॉय राज्यानं आदल्याच वर्षी तसा कायदा केला होता. पण कायदा झाला म्हणजे शिकवणं झालं असं नव्हे. कुठल्या इयत्तेत काय घ्यायचं हे स्थानिक पातळीवर ठरतं, आणि कोणी विचारलं नाही तर मे महिन्यात, म्हणजे इथल्या आशियाई वारसा महिन्यात, एक दिवस चिनी लायन डान्स आणि समोसे एवढ्यावर विषय आटोपतो. स्कूल बोर्डाच्या बैठकीत कुणाही पालकाला दोन-तीन मिनिटं बोलता येतं. गणिताच्या वरच्या वर्गात प्रवेश हवा असला की तिथे आपलेच लोक रांग लावतात. तेव्हा इंग्रजीची किंवा वेळेची अडचण असते असं मी मानत नाही.

आणि घरात? सुट्टीत पुण्याला आलं की मणिपूर-अरुणाचलहून शिकायला आलेल्या मुलामुलींना रस्त्यात 'चिंकी' म्हटलेलं आमची मुलं ऐकतात, कधी आपल्याच नातेवाइकांच्या तोंडून. इकडे शाळेत हाच शब्द उच्चारला तर पालकांना बोलावणं येतं. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा नेमलेल्या बेझबरुआ समितीनंही ईशान्य भारताचा इतिहास अभ्यासक्रमात आणा असं सुचवलं होतं. न्यू जर्सीतल्या पालकांचं मागणं याहून वेगळं नव्हतं.

इथल्या रविवारच्या मराठी शाळांत शिवकाल आणि सणवार शिकवले जातात. तिथे जर्सी सिटीच्या १९८७ सालासाठी एक तास काढायला हरकत नसावी. शिकवायला त्या काळी तिथे राहिलेली मंडळी अजून आहेत. आणि आपल्याला एक विनंती. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांना शाळा-कॉलेजात काय अनुभव येतो आणि तक्रार घेऊन ते कोणाकडे जातात, हे त्यांच्याच शब्दांत आपल्या पुरवणीत यावं.

कळावे,
एक पालक, एडिसन, न्यू जर्सी