सील नवे, गळती जुनीच

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या पंपरूममधून एकच तक्रार येऊ लागते : "पंप गळतोय, वॉटर सील बदलून द्या." सील बदलले जाते, महिना-दोन महिने बरे जातात आणि पंपाखाली पुन्हा तेच डबके साचते. तिसऱ्यांदा सील गेले की नवा पंप घेण्याचा विषय समितीच्या बैठकीत येतो. सील म्हणजे मोटरचा फिरणारा दांडा (शाफ्ट) पंपात शिरतो तिथे पाणी अडवणाऱ्या, एकमेकींवर फिरणाऱ्या दोन चकत्या. यात सीलचा स्वतःचा दोष क्वचितच असतो. गळती कुठून होते, कधी होते आणि आधीचे सील कशाने गेले, हे तीन प्रश्न कोणी विचारतच नाही. ते अर्ध्या तासात सुटणारे आहेत, म्हणून हे पत्र.

आधी मेन स्विच बंद करावा आणि पंप कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यावा. पाणी ओघळत ओघळत सर्वांत खालच्या टोकावरून टपकते. त्यामुळे थेंब दिसला तिथेच गळती, असे धरून चालत नाही. पाणी वर नेणाऱ्या डिलिव्हरी पाइपच्या वरच्या सांध्यातले पाणी केसिंगवरून (पंपाच्या बाहेरच्या कवचावरून) उतरून नेमके सीलखाली पडते आणि बदनाम मात्र सील होते. प्रायमिंगचा (पंपात पाणी भरण्याचा) बूच, केसिंगचे पॅकिंग, ड्रेन प्लग, फ्लँज (बोल्टने जोडलेला पाइपचा सांधा), सगळीकडे बोट फिरवून पाहावे. मग पंपाखाली जुने वर्तमानपत्र पसरून पंप चालू करावा आणि कागदावर पहिला ओला ठिपका कुठे उमटतो ते पाहावे. मोनोब्लॉक पंपात (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेल्या) मोटर आणि केसिंग यांच्यामध्ये शाफ्टचा थोडा भाग उघडा दिसतो. ठिपका बरोबर त्याखाली उमटला, तरच सीलवर संशय घ्यावा. पंप चालू असताना तिथे हात, फडके किंवा ओढणी जाऊ देऊ नये.

गळती कधी होते, हा प्रश्न आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच राहून जातो.

फक्त पंप चालू असताना पाणी उडते आणि बंद केल्यावर थांबते, तेव्हा शाफ्टला आधार देणारे बेअरिंग पाहावे. पंप बंद करून इम्पेलरचे (पाणी ढकलणाऱ्या चाकाचे) टोक हाताने वर-खाली हलवले आणि खडखड जाणवली, तर बेअरिंग संपले आहे. डायल गेज (काट्याचे बारीक मापयंत्र) लावता आला तर उत्तम : शाफ्टची थाप (फिरताना डोलणे) 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त आली तर त्यावर कोणतेही नवे सील टिकणार नाही, कारण सीलच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सपाट बसूच शकत नाहीत.

पंप बंद असतानाही गळती तासन्‌तास चालू राहते, तेव्हा सीलबरोबर एनआरव्हीही (पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) तपासावा. उभ्या पाइपातले 10 मीटर पाणी साधारण 1 बार दाब देते. सात मजली इमारतीत वरची टाकी 25 मीटरवर असेल, तर पंप बंद असतानाही अडीच बार दाब खाली येऊ पाहतो. तो पंपाच्या वरच अडवणे हे एनआरव्हीचे काम. एनआरव्हीच्या पुढचा गेट व्हॉल्व्ह बंद करून पाहावा. गळती लगेच कमी झाली, तर एनआरव्ही पासिंग आहे, म्हणजे नीट बंद होत नाही.

तिसरा प्रकार फसवा असतो. पंपाखाली एक थेंब नसतो, पण सकाळी पंप पाणी उचलत नाही आणि वॉचमन रोज बादलीने प्रायमिंग करत बसतो. खालच्या टाकीतला फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या सक्शन पाइपच्या तळाचा एकमार्गी व्हॉल्व्ह) थोडा जरी पासिंग असला, तर रात्रभरात सक्शन पाइपातले पाणी खाली सरकते आणि पंपात उलटी ओढ तयार होते. अशा वेळी खराब सीलमधून पाणी बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. इथे सील आणि फूट व्हॉल्व्ह दोन्ही पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

जुन्या पंपांत असे दोन चकत्यांचे (मेकॅनिकल) सील नसून ग्लँड असते, म्हणजे शाफ्टभोवती दाबलेली दोरी. तिचा नियमच वेगळा. ग्लँडमधून पंप चालताना मिनिटाला 30 ते 60 थेंब पडायलाच हवेत, कारण ते पाणीच दोरीला आणि शाफ्टला थंड ठेवते. वीस थेंबांचा 1 मिलिलिटर धरला, तर मिनिटाला 60 थेंब म्हणजे तासाला 180 मिलिलिटर. एवढ्याची धास्ती घेऊन नट करकचून आवळले की दोरी जळते, शाफ्टला खाच पडते आणि मग खरी धार लागते. नट दोन्ही बाजूंनी सारखे, एका वेळी फक्त एक षष्ठांश फेरा आवळावेत आणि दहा मिनिटे थांबून थेंब मोजावेत. दोरी बदलताना जुनी दोरी पूर्ण काढावी, नव्या दोरीच्या कड्या 45 अंशांत तिरक्या कापाव्यात आणि प्रत्येक कडीचा जोड आधीच्या जोडापासून 90 अंश फिरवून बसवावा.

मेकॅनिकल सीलमधून मात्र सतत थेंब पडता कामा नये. बसवल्यावर पहिली काही मिनिटे थोडे पाणी आले तर हरकत नाही. तासाभरानेही येत असेल तर बसवण्यात चूक आहे.

काढलेले सील फेकण्याआधी उजेडात धरून पाहावे. कार्बनच्या चकतीवर रेकॉर्डसारख्या गोल रेघा असतील, तर पाण्यात माती-रेती आहे. टँकरचे पाणी घेणाऱ्या आणि टाकी वेळेवर न धुणाऱ्या सोसायट्यांत हे हमखास दिसते. पांढऱ्या सिरॅमिक चकतीवर मधून बाहेर जाणारे केसासारखे तडे आणि करपून कडक झालेले रबर, म्हणजे पंप कोरडा चालला. स्प्रिंगभोवती पांढरा थर, म्हणजे बोअरचे जड पाणी; त्या क्षारांनी रबर शाफ्टला चिकटते आणि स्प्रिंग चकती पुढे ढकलू शकत नाही. सिरॅमिकवरचा घासलेला पट्टा कार्बनच्या चकतीपेक्षा रुंद असेल, तर शाफ्ट थापतो आहे. रबर जिथे बसते तिथे शाफ्टवर नख फिरवावे. नख अडकले तर आधी शाफ्ट किंवा त्यावरची नळी (स्लीव्ह) दुरुस्त करावी.

पुण्यात सर्वांत जास्त सील जातात ती पंप कोरडा चालल्याने. गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने येणार, हे वाक्य पुणेकरांना पाठ आहे. त्या शुक्रवारी खालच्या टाकीत वीतभर पाणी असताना पंप चालू केला जातो, फूट व्हॉल्व्ह उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. सीलच्या दोन चकत्यांमध्ये पाण्याचा अगदी पातळ थर असतो, त्याच्यावरच त्या फिरतात. तो गेला की थोड्याच वेळात चकत्या तापतात आणि त्यावर अचानक गार पाणी आले की सिरॅमिकला तडा जातो. खालच्या टाकीत फ्लोट स्विच (पाणी कमी झाले की पंप बंद करणारा) किंवा पॅनेलमध्ये कोरडा पंप थांबवणारे ड्राय-रन संरक्षण बसवले की हे थांबते. वॉचमनला दोष देऊन काही होत नाही, त्याला टाकीतले पाणी दिसतच नाही.

बसवण्याबद्दल थोडेसे. जुने सील दुकानात सोबत न्यावे आणि शाफ्टचा व्यास व्हर्नियरने मोजून न्यावा. चकत्यांच्या घासणाऱ्या बाजूला बोट लावू नये. रबराला ग्रीस न लावता साबणाचे पाणी लावावे. सिरॅमिकची चकती पुठ्ठा ठेवून दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबावी, हातोडीचे तिथे काम नाही. पंप पाण्याने काठोकाठ भरून हवा काढल्याशिवाय बटण दाबू नये.

आणखी एक गोष्ट आम्हाला काळजीची वाटते. सील आणि मोटर यांच्यामध्ये शाफ्टवर रबराची एक छोटी कडी असते. गळालेले पाणी बेअरिंगपर्यंत पोहोचण्याआधी ती ते भिरकावून देते. दुरुस्तीत ही कडी फार वेळा हरवते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मग पाणी बेअरिंगमध्ये, तिथून वाइंडिंगमध्ये (मोटरच्या तारांच्या गुंडाळीत) जाते आणि मोटरच्या बॉडीत करंट उतरतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून बटण दाबणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे. काही शे रुपयांच्या सीलची टाळाटाळ करताना समित्यांनी हे लक्षात घ्यावे. प्रत्येक पंपाला चांगले अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. बॉडीला हात लावून झिणझिण्या आल्या, तर पंप त्याच क्षणी बंद ठेवावा, मग सोसायटीला दिवसभर टँकर मागवावा लागला तरी चालेल.

सोसायट्यांच्या सचिवांना आमची एवढीच विनंती आहे की, मेकॅनिककडून जुने सील परत मागून घ्यावे, पिशवीत घालून त्यावर तारीख लिहावी आणि पंपरूममध्ये टांगून ठेवावे. पुढच्या वेळी येणाऱ्या मेकॅनिकला आधी ते दाखवावे.

आपले,
पंप देखभाल-दुरुस्तीचे काम करणारे काही तंत्रज्ञ, पुणे