मान वळवून उभ्या राहिलेल्या दादांना

दादा, नमस्कार.

आमच्या घरचे कॅमेरे बाहेरून फोनवर दिसत नव्हते, ते तुम्ही दुरुस्त करून गेलात. तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण वाचलंत तर ओळखाल. दारावरचा, मागच्या अंगणातला आणि आईच्या खोलीतला असे तीन कॅमेरे. घरात असले की तिन्ही लख्ख दिसायचे. घराबाहेर पडून मोबाइल डेटावर आले की नुसतं फिरणारं चक्र. असे चार महिने गेले.

आई न्हाणीघरात पडली, त्यानंतर हे कॅमेरे बसवले. ती कुरकुरत का होईना, हो म्हणाली. मी नोकरीसाठी दुसऱ्या गावी. दिवसातून दोनदा तिला चालता-बोलताना बघावं, एवढंच हवं होतं.

तुमच्याआधी तिघे येऊन गेले. तिघांनीही घरात उभं राहून, घरच्याच वायफायवर ॲप उघडून दाखवलं, "बघा ताई, चालू आहे," आणि पैसे घेऊन गेले. एकाने राउटर बदलायला लावला. दुसऱ्याने राउटरमधले पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची दारं, उघडून ठेवले आणि कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरला "लक्षात राहील असा" सोपा पासवर्ड दिला. तिसरा म्हणाला, सिममध्येच दोष आहे. मी सिमही बदललं. त्यांना जमलं नाही याचा मला राग नाही. "मला हे कळत नाही" एवढं एक वाक्य तिघांपैकी कुणाच्याही तोंडून निघालं नाही, आणि तिकडे मी रात्री-अपरात्री ते चक्र बघत बसायचे, याचा राग आहे. तो अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात आणि चपला काढता काढताच म्हणालात, "ताई, आधी फोनचं वायफाय बंद करा, मग ॲप उघडा." मला चार महिने जे दिसत होतं, ते बघायची तसदी पहिल्यांदा कुणीतरी घेतली.

मग तुम्ही राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता वाचलात. तो १०० ने सुरू होत होता. "हा पत्ता तुमच्या एकट्या घराचा नाहीच," तुम्ही म्हणालात. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे आकड्यांतले पत्ते, सगळे मिळून साधारण ४३० कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून इंटरनेट कंपन्या एका खऱ्या पत्त्यामागे कितीतरी घरं बसवतात, आणि १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा त्याचसाठी राखून ठेवलाय. आमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून आलेली हाक कंपनीच्या यंत्रापाशीच विरते, कारण ती कुठल्या घरासाठी आहे हे तिथे कळायला मार्ग नसतो. घरातल्या घरात बघताना ती वेस ओलांडावीच लागत नाही, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं. चार महिन्यांचं कोडं तुम्ही पाच मिनिटांत उलगडलंत, तेही आई समोर बसून ऐकत होती आणि तिलाही समजावं अशा भाषेत.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. कंपनीकडून स्वतंत्र पत्ता मागवला, राउटरवर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित खासगी वाट, चढवलं. पण त्याआधी तुम्ही ते उघडे पोर्ट बंद केलेत आणि पासवर्ड बदलायला लावलात. स्वतंत्र पत्ता आला की तीच दारं जगाला उघडी पडली असती. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने असेच, कारखान्यातले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या, हे मला तुमच्याकडूनच कळलं. नवा पासवर्ड टाइप करायला फोन माझ्या हातात दिलात. "मला सांगू नका," म्हणालात.

आणि आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. मोबाइल डेटावर पहिलं चित्र उघडलं ते आईच्या खोलीचं. अंथरूण अस्ताव्यस्त, खुर्चीवर तिचे धुवायचे कपडे, पलंगाजवळ औषधं आणि भांडं. चित्र येताक्षणी तुम्ही मान वळवलीत. फोन माझ्याकडे सरकवलात आणि खिडकीकडे तोंड करून म्हणालात, "तुम्हीच बघा आणि मला सांगा. अडकतंय का? आवाज येतोय?" पुढची वीस-पंचवीस मिनिटं तुम्ही माझ्या सांगण्यावरून काम केलंत. चित्र अडखळत होतं, तेव्हा "कमी रिझोल्यूशनचा सबस्ट्रीम निवडा" हेही खिडकीकडे बघतच सांगितलंत. आधीचे तिघे ती खोली बिनदिक्कत न्याहाळत होते. एकाने तर तिथूनच "आजी झोपतात का इथे?" असं विचारलं होतं.

मी नोकरीत बरीच हुशार माणसं पाहिली आहेत. दुसऱ्याच्या घरातलं दिसत असताना न बघणारी फार थोडी. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नसावेत. घरात कुणीतरी शिकवलं असेल तुम्हाला. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

तुम्ही गेल्यावर मी आईला म्हटलं, बरा माणूस होता. ती चष्मा पुसत होती. म्हणाली, "त्याने मान वळवली ना, ती मी इथून पाहिली." त्या दिवसापासून ती खोलीतल्या कॅमेऱ्यावर पदर टाकत नाही. आज दुपारी, बसमध्ये, मोबाइल डेटावर, मी तिला पाठ टेकून पेपर वाचताना बघितलं.

तुमची,
त्या तीन कॅमेऱ्यांच्या घरातली ताई