बाबा, थोडे शेअर विकूया

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा "विप्रो विकायचं नाही" एवढंच बोलून तुम्ही फोन आईच्या हाती दिलात. म्हणून लिहायला बसले.

तुमच्या वहीवरून हिशेब मांडला. १९९६ अखेर तुमच्याकडे विप्रोचे दहा रुपये दर्शनी किमतीचे २० शेअर होते. १९९७ ला एकामागे दोन बोनस, म्हणजे फुकट शेअर मिळाले, झाले ६०. १९९९ ला दहाच्या एका शेअरचे दोन-दोन रुपयांचे पाच झाले, म्हणजे ३००. मग २००४ ला पुन्हा एकामागे दोन, २००५ ला एकास एक, २०१० ला तिनांमागे दोन, २०१७ ला एकास एक, २०१९ ला तिनांमागे एक, २०२४ ला एकास एक. आज १६,०००! अडीचशेचा भाव धरला तर चाळीस लाख. लाभांश वेगळा, त्यातून माझी कॉलेजची फी गेली.

१९४५ साली अमळनेरात निघालेली तेलाची कंपनी, आपल्या गावची, एवढ्याच भरवशावर तुम्ही ते घेतले होते. फेब्रुवारी २००० मध्ये भाव आभाळाला भिडला आणि पुढे कोसळला, तेव्हा घरात कोणी धड जेवलं नाही. तुम्ही मात्र विकले नाहीत. त्या धीराला मी मनापासून मानते.

पण बाबा, तुमच्या पत्र्याच्या पेटीत आणखी एका कंपनीची सर्टिफिकेटं आहेत. तीही तुम्ही तितक्याच निष्ठेनं सांभाळलीत, आणि आज त्यांना रद्दीचा भाव आहे. धीर दोन्हीकडे सारखाच होता. म्हणून घरची सगळी पुंजी एकाच कंपनीत ठेवायची मला भीती वाटते.

आई जिना बसून उतरते. ती तुम्हाला सांगणार नाही, मला सांगते. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं, तर दोन-तीन हजार शेअर पुरतील. कराचंही सीएंना विचारलं. आधी घेतलेले आधी विकले असं धरतात, आणि त्या जुन्या शेअरांचा नफा मोजताना खरेदीची किंमत म्हणून ३१ जानेवारी २०१८ चा भाव धरता येतो. त्यामुळे कर लागलाच तर किरकोळ. बाकीचे राहू द्या, त्यांना मी हात लावणार नाही.

शेअरांच्या डीमॅट खात्याला आईचं नॉमिनेशन आहे का, तेवढं बघा. दिवाळीच्या आधी चार दिवस येते. तोवर आईचे एक्स-रे काढून ठेवा, आणि तिला जिना चढायला लावू नका.

तुमची लेक