एकाच चिपच्या नावाखाली किती वॅट? पातळ गेमिंग लॅपटॉपबद्दल पाच ग्राहकांची तक्रार

नागपूर
दिनांक : 9 जून 2025

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
लॅपटॉप विभाग

विषय : 16 इंची पातळ गेमिंग लॅपटॉपमधील फुगलेली बॅटरी, प्रोसेसरच्या थंडाव्यातील दोष आणि ग्राफिक्सचे वॅट न सांगता केलेली विक्री

महोदय/महोदया,

नोव्हेंबर 2023 ते जानेवारी 2024 या काळात आम्ही पाच जणांनी आपला एकाच मॉडेलचा लॅपटॉप स्वतंत्र बिलांवर घेतला. कोअर आय9-13900एच प्रोसेसर, आरटीएक्स 4070 ग्राफिक्स चिप, सोल्डर केलेली (बोर्डावर पक्की डाखलेली) 16 जीबी रॅम, 90 वॅट-तासांची बॅटरी, 180 वॅटचा चार्जर. पाचही मशीनची वॉरंटी दोन वर्षांची असून ती अजून चालू आहे. बिले, सिरियल नंबर, मोजमापांच्या लॉग फायली आणि फोटो सोबत जोडले आहेत.

सर्वांत आधी बॅटरी, कारण तिथे प्रश्न सुरक्षेचा आहे. एका मशीनचा टचपॅड एप्रिलपासून क्लिक होत नाही. सपाट टेबलावर ते मशीन डुगडुगते, आणि खालच्या झाकणावर स्टीलची पट्टी आडवी धरली की मधोमध सुमारे दीड मिलिमीटरचा फुगवटा दिसतो. पाऊच प्रकारच्या (मऊ पिशवीतल्या) लिथियम-आयन सेलमध्ये इलेक्ट्रोलाइटचे (आतल्या द्रवाचे) विघटन होऊन वायू साठला की असे होते. हे विघटन वाढवणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे उष्णता आणि सेल सतत पूर्ण भरलेला राहणे. आपल्या मांडणीत दोन्ही एकत्र आल्या आहेत. बॅटरीची वरची कड व्हेपर चेंबरला (चिपची उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या चपट्या पोकळ पेटीला) जवळजवळ चिकटून आहे, आणि गेमिंग लॅपटॉप वापरात असतो तेव्हा तो बहुतेक वेळा चार्जरलाच जोडलेला असतो. चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण मशीन येते तेव्हा ती बंद असते आणि पुस्तिकेत तिचा साधा उल्लेखही नाही.

सर्व्हिस सेंटरने लेखी कळवले की बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे आणि तिची वॉरंटी एकच वर्षाची आहे. झीज म्हणजे क्षमता कमी होणे. 90 वॅट-तासांचे 75 झाले असते तर आम्ही चकार शब्द काढला नसता. सेल फुगणे हा दोष आहे, त्याला झीज म्हणता येणार नाही. त्यात भर म्हणजे सेंटरने हे मशीन कुरिअरने पाठवायला सांगितले. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यास मनाई आहे, आणि कुरिअरचा डबा विमानात चढेल की ट्रकमध्ये हे ग्राहकाला ठरवता येत नाही. मशीन सध्या बंद करून, चार्जर काढून, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर फरशीवर ठेवले आहे. आपल्या तंत्रज्ञाने ते जागेवर येऊन ताब्यात घ्यावे.

आता थंडाव्याबद्दल. पातळ मशीन घेताना काय सोडावे लागते याची आम्हाला कल्पना होती. रॅम सोल्डर केलेली आहे ही आमची तक्रार नाही. एलपीडीडीआर5 जातीची रॅम नेहमीच्या सोडिम स्लॉटमध्ये (रॅम काढता-घालता येणाऱ्या खाचेत) बसत नाही, तिला प्रोसेसरच्या अगदी जवळ राहावे लागते, आणि स्लॉट गेल्याने जी उंची वाचते ती खरीच वाचते. लॅनचे पोर्ट नाही, तेही समजते. पंख्याच्या आवाजाबद्दलही कुरकुर नाही. पाते पातळ झाले की तेवढीच हवा ढकलायला फेरे वाढवावे लागतात आणि फेरे 20 टक्क्यांनी वाढले की आवाज साधारण 4 डेसिबलने चढतो. ही किंमत आम्ही जाणूनबुजून मोजली. जी किंमत आम्हाला सांगितलीच नाही, तिच्याबद्दल पुढचे मुद्दे आहेत.

आरटीएक्स 4070 ही लॅपटॉपची चिप 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कुठेही बसवता येते. नाव तेच, काम मात्र वॅटप्रमाणे बदलते. त्यामुळे वॅटचा आकडा न देता ही चिप विकणे म्हणजे वजन न सांगता पोते विकण्यासारखे आहे. पूर्वी, 2017 पासून, कमी वॅटच्या चिपच्या नावापुढे मॅक्स-क्यू असे लिहिलेले असे. 2021 मध्ये ती खूण नावातून गेली आणि ही चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉप निर्मात्यांना विक्रीच्या पानावर वॅट आणि क्लॉक (चिपचा वेग) देण्यास सांगितले. आपल्या खोक्यावर, दुकानातल्या माहितीपत्रकावर किंवा भारतातल्या विक्रीच्या पानावर हा आकडा कुठेही नव्हता. आम्हाला तो मशीन घेतल्यानंतर ड्रायव्हरच्या माहितीत सापडला : 105 वॅट.

पण 105 हाही सतत टिकणारा आकडा नाही. आम्ही पाचही मशीन एकाच पद्धतीने मोजली. लाकडी कडक टेबल, मूळ चार्जर, आपल्या सॉफ्टवेअरमधला टर्बो मोड, गेममधले एकच दृश्य 30 मिनिटे, आणि त्यातली पहिली 10 मिनिटे सोडून उरलेल्यांची सरासरी. थंडाव्याचा दोष नसलेल्या तीन मशीनमध्ये, 27 अंशांच्या खोलीत, प्रोसेसरला 35 आणि ग्राफिक्सला 80 असे मिळून 115 वॅट टिकले. पहिली दोन-तीन मिनिटे मात्र ग्राफिक्स 105 वर आणि प्रोसेसर 60 च्या पुढे असतो. दुकानातल्या डेमोत ग्राहकाला नेमकी हीच मिनिटे दिसतात. फ्रेमची (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) सरासरी 92 वरून 81 वर आली. वॅट जितके घटले त्या प्रमाणात वेग घटत नाही, कारण वरचे वॅट व्होल्टेज चढवण्यात खर्च होतात आणि त्यांतून वेग थोडाच मिळतो. म्हणून सरासरीवर आमचा फारसा आक्षेप नाही. खरा त्रास अडखळण्याचा आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच व्हेपर चेंबरवर आहेत. प्रोसेसरने क्षणभर उसळी मारली की ग्राफिक्सचे वॅट कापले जातात, आणि फ्रेमचा वेळ दर काही सेकंदांनी दुप्पट होतो.

याला एक साधा उपाय आहे, आणि तो आपल्या सेंटरच्या तंत्रज्ञांना ठाऊक असायला हवा होता. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था 100 ऐवजी 99 टक्के केली की प्रोसेसरचा टर्बो (मूळ वेगाच्या वर उसळणे) बंद होतो. प्रोसेसर 23 वॅटवर स्थिरावतो, ग्राफिक्सला 92 वॅट मिळतात आणि अडखळणे जवळजवळ थांबते. बेरीज तीच 115, फक्त वाटणी शहाणपणाची. हेच काम आपल्या सॉफ्टवेअरमधली प्रोसेसरचे वॅट सरकवून ठरवण्याची एक पट्टी अधिक नीट करेल. आज तिथे तीन ठरीव मोड आहेत आणि तिन्हींत प्रोसेसरला गेमच्या गरजेपेक्षा जास्त वाटा दिलेला आहे.

विदर्भातल्या उन्हाळ्यात हा हिशेब आणखी आवळतो. चिपमधली उष्णता बाहेर जाते ती चिप आणि खोलीची हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे. ग्राफिक्स चिप 87 अंशांवर स्वतःला आवरते. खोली 27 अंशांवर असेल तर फरक 60 अंशांचा, आणि त्यावर 115 वॅट निघतात. मे महिन्यात कूलर लावलेली खोली दुपारी 36 अंशांवर असते, फरक 51 चा उरतो, म्हणजे हिशेबाने 98 वॅट. आमच्या लॉगमध्ये 97 आले. आपल्या पुस्तिकेत वापराची मर्यादा 35 अंश लिहिली आहे आणि तेच मशीन आपण नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या दुकानांत मे महिन्यात विकता, जिथे बाहेरचा पारा 44-45 वर जातो. निसर्गाचा नियम आपण बदलावा असे आमचे म्हणणे नाही. पण 35 अंशांवर सतत किती वॅट मिळतील हे आपल्या प्रयोगशाळेला नक्की माहीत आहे, तर तो आकडा ग्राहकालाही मिळाला पाहिजे. सोबतचा चार्जरच त्याची साक्ष देतो. 105 आणि 60 वॅट खरोखर सतत द्यायचे असते तर पडदा, पंखे आणि विजेच्या रूपांतरातली घट धरून 200 वॅटच्या वर क्षमता लागली असती. 180 वॅटचा चार्जर निवडणाऱ्या अभियंत्याला टिकाऊ आकडा माहीत होता.

जाडीचेही तसेच. जाहिरातीत 16.9 मिलिमीटर आहे. व्हर्नियरने मोजल्यावर ती पुढच्या कडेची जाडी निघाली. मागे, रबरी पायांसकट, ती 21.8 मिलिमीटर आहे. आणि नेमक्या त्या पायांतच या रचनेतली सर्वांत सहज टाळता येणारी चूक आहे. पंखे हवा खालून ओढतात, आणि मागच्या पायांची उंची फक्त 2 मिलिमीटर आहे. एवढ्या फटीतून दोन पंख्यांना पुरेशी हवा मिळत नाही. मागच्या बाजूखाली खोडरबर ठेवून मशीन 15 मिलिमीटर उचलले आणि तीच चाचणी पुन्हा घेतली, तर त्याच तापमानाला बेरीज 115 वरून 124 वॅट झाली. पंखा तोच, व्हेपर चेंबर तोच, फक्त हवेला वाट मिळाली. पाय जाहिरातीतल्या जाडीत धरलेलेच नाहीत, मग ते 5 मिलिमीटरचे केल्याने आपला 16.9 चा आकडाही बिघडला नसता. पातळपणासाठी इथे काहीच द्यावे लागत नव्हते, तरी भुर्दंड ग्राहकाला पडला.

उरलेल्या दोन मशीनचा दोष वेगळा आहे आणि तो सरळ वॉरंटीत बसतो. चांगल्या मशीनमध्ये प्रोसेसरला 30 वॅट दिले की तापमान 82 अंशांच्या आसपास राहते. या दोघांत तेवढ्याच वॅटला 100 अंश गाठले जातात आणि एका बाजूचे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) दुसऱ्या बाजूच्या कोअरपेक्षा 15 ते 20 अंशांनी गरम दिसतात. पंख्यात धूळ अडकली असती तर सगळे कोअर सारखेच तापले असते. एकाच बाजूला फरक पडतो याचा अर्थ चिप आणि व्हेपर चेंबर यांच्यामधला थर एका बाजूने उघडा पडला आहे. आपण तिथे लिक्विड मेटल वापरले आहे. गॅलियमचा हा मिश्रधातू उष्णता उत्तम वाहून नेतो, पण तो द्रव असतो. तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत आणि बॅगेत मशीन उभे राहिल्याने तो कडेला सरकू शकतो. तो वीजवाहक आहे, म्हणून भोवतालचा फोमचा बांध ओलांडून मदरबोर्डवर उतरला तर शॉर्ट होईल, आणि ॲल्युमिनियमला लागला तर धातू ठिसूळ होईल. सेंटरने दोन्ही मशीनमध्ये विंडोज पुन्हा टाकून, बायोस (मशीन सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ती परत दिली. झाकण उघडलेच नाही, खालच्या स्क्रूवरची सीलही जशीच्या तशी होती. सॉफ्टवेअरने हा दोष जाणे शक्य नाही.

आमच्या मागण्या अशा. फुगलेल्या बॅटरीचे मशीन सात दिवसांत जागेवर येऊन न्यावे, नवी बॅटरी विनामूल्य बसवावी, आणि उरलेल्या चार मशीनच्या बॅटऱ्यांची झाकण उघडून तपासणी करावी. दोन दोषी मशीनमधला लिक्विड मेटल पूर्ण पुसून तिथे फेज-चेंज पॅड (तापल्यावर मऊ होणारा उष्णतावाहक थर) लावावा. तो दोन-चार अंश गरम राहील, ते आम्हाला मान्य आहे, कारण तो जागेवरून हलत नाही. दुरुस्तीनंतर प्रोसेसरवर 30 वॅटचा भार 30 मिनिटे ठेवून प्रत्येक कोअरचे तापमान दाखवणारा लॉग आम्हाला द्यावा. पाचही मशीनना 5 मिलिमीटरचे मागचे पाय पाठवावेत, ते चिकटवण्याचे काम आम्ही करू. बायोसमध्ये प्रोसेसरच्या वॅटची पट्टी द्यावी आणि 80 टक्क्यांची चार्जिंग मर्यादा मुळातच चालू ठेवावी. विक्रीच्या पानावर ग्राफिक्सचे कमाल वॅट, तसेच 25 आणि 35 अंशांच्या खोलीत प्रोसेसर व ग्राफिक्सला सतत मिळणारे वॅट छापावेत. रॅम किंवा ग्राफिक्स बिघडल्यास पूर्ण मदरबोर्ड बदलावा लागतो, म्हणून त्याची आजची किंमत लेखी कळवावी. पंखे साफ करण्यासाठी ग्राहकाने झाकण उघडले तर वॉरंटी जात नाही हेही लेखी हवे, कारण आमच्याकडच्या धुळीत ती सफाई दर तीन-चार महिन्यांनी करावी लागते.

वॅट न सांगता केलेली ही विक्री ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(28) मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत आणि कलम 2(47) मधील अनुचित व्यापार प्रथेत मोडते, असे आमचे म्हणणे आहे. पाचही लॅपटॉप वैयक्तिक वापरासाठी घेतले आहेत. पत्र मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे कलम 35 खाली एकत्रित अर्ज करू. आजवर फोनवर झालेल्या बोलण्याची आपल्याकडे नोंद सापडत नाही, म्हणून उत्तर ईमेलने किंवा टपालाने द्यावे आणि त्यावर पाचही सिरियल नंबर आणि आमचा तक्रार क्रमांक घालावा.

आपले,
सही करणारे पाच ग्राहक

सोबत : बिलांच्या 5 प्रती; सर्व्हिस सेंटरची 3 जॉबशीट; दोन्ही तापमानांच्या चाचण्यांचे लॉग; खोडरबर ठेवून घेतलेल्या चाचणीचा लॉग; फुगलेल्या झाकणाचे आणि व्हर्नियरच्या मापांचे फोटो