हळदीकुंकवाची कोशिंबीर : कोणी काय आणायचं

सर्व ताईंना नमस्कार. येत्या रविवारच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा जेवणही आहे, तेव्हा सोले-संत्र्याची कोशिंबीर आपण गटानंच करायची. 40 पानांचा अंदाज धरून 3 किलो गाजर, 2 किलो मुळा, दीड किलो हरभऱ्याचे सोले आणि 20 संत्री लागतील. ज्यांच्या वावरात हरभरा घाट्यावर आला आहे त्यांनी सोले घरूनच सोलून आणावेत. सांबार (कोथिंबीर), दाण्याचं कूट आणि लिंबं मी आणते.

सोले उकळत्या पाण्यात दोनच मिनिटं टाका आणि लगेच थंड पाण्यात काढा, रंग हिरवागार राहतो. संत्र्याच्या फोडींची साल आणि बिया दोन्ही काढा. एक बी जरी दाताखाली आली तरी अख्खा घास कडू होतो.

मागच्या वर्षी मी मीठ सकाळीच घातलं आणि पंगत बसेपर्यंत गंजात (पातेल्यात) पाणीच पाणी झालं. फार वाईट वाटलं होतं. म्हणून मीठ, लिंबू, कूट हे सगळं वाढायच्या वेळीच. मोहरी-हिरव्या मिरचीची फोडणीही गार करूनच घालायची.

विळी आपापली आणा. सकाळी 9 वाजता समाजमंदिरात भेटू.